चांदी न खाणारं सोल्डर

४ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा तेच! मुलगा आला, चहा घेतला आणि सुरू — "आई, वीज गेली की तू अंधारात जिना उतरतेस. एकदा पडलीस तेवढं पुरे. माझ्याकडे चल." म्हटलं, माझ्या घरातून मला चौघंच नेतील. चिडला. बापासारखंच नाक फुगतं. निघताना म्हणाला, "मग बस स्वतःची वीज करत!"

बरं. करते.

६ फेब्रुवारी

भंगारवाल्याकडून सौर सेलचा खोका आणला. कडा दुखावलेले, म्हणून कारखान्यानं टाकून दिलेले. इतके पातळ, की उचलताना श्वास रोखावा लागतो. तांब्याच्या बारीक पट्टीनं एकाला एक जोडून ओळ करायची, वर काच बसवायची. जोडायला सोल्डर हवं — ह्यांच्या भाषेत डाख.

हे गेल्यापासून त्यांचा पत्र्याचा डबा माळ्यावरच होता. ट्रकचे रेडिएटर डाखायचे हे. डब्यात बोटाएवढ्या जाड कांड्या, त्यांनी स्वतः ओतलेल्या, आणि ॲसिडची बाटली. घरात आहे ते बाजारातून कशाला आणायचं?

९ फेब्रुवारी

लागला डाख! पहिल्याच झटक्यात! जन्मभर मी ह्यांना कांडी धरून दिली, हात कसा विसरेल? कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. दिवसभर कुणाशी बोलले नाही. सेलशी बोलले, ते सोडून.

१३ फेब्रुवारी

सत्यानाश. डाखाभोवती हिरवट पूट चढलंय. बोट लावलं की पट्टी सुटते, सेलवरच्या बारीक पांढऱ्या रेघासुद्धा गेल्या. रडले. सेलसाठी नाही. वाटलं, ह्यांनीच हात सोडला.

१४ फेब्रुवारी

टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे गेले. सेल बघून हसला मेला! "मावशी, ट्रकचं औषध मुंगीला पाजलंत की! ॲसिड रेडिएटरला ठीक, ह्याला नाही." मग नीट सांगितलं. त्या रेघा चांदीच्या. साधं सोल्डर वितळलं की चांदी खातं. सोल्डरमध्येच थोडी चांदी असली, तर रेघांच्या फार वाटेला जात नाही. म्हणजे घरून जेवून आलेला पाहुणा!

बिनशिशाचंही दाखवलं. "पण त्याला आच जास्त लागते, तुमचे सेल तडकतील. हे शिसंवालं न्या, चांदी घातलेलं. खिडकी उघडी ठेवा, नंतर हात धुवा." तेच घेतलं. सुतळीहून बारीक तार. बरोबर ॲसिडऐवजी लावायला राळेचा फ्लक्स. ह्यांच्या कांड्या परत डब्यात गेल्या. जिवावर आलं.

त्यानं बसायला स्टूल दिलं होतं. मी उगाच आणखी दोन प्रश्न विचारले. उत्तरं मला ठाऊक होती.

१८ फेब्रुवारी, रविवार

मुलगा आला. टेबलावरचा पसारा बघून कपाळाला हात! "आई, डोळे घालवशील." मग स्वतःच खुर्ची ओढली आणि पट्टी धरून बसला. हात सोल्डरला, तोंड भांडायला. "खोली तयार आहे. पडदेसुद्धा लावलेत." "पडद्यांना सांग, मी येत नाही." फिसकन हसला. दुसऱ्यांदा चहा झाला. तो गेला तेव्हा जिन्यातली पावलं शेवटपर्यंत ऐकली.

२१ फेब्रुवारी

जमलं! पट्टीवर आधीच सोल्डर चढवून ठेवायचं. सेलवर फ्लक्सचा हात फिरवायचा. मग डाखायचं तापलेलं आयर्न एकदाच, न थांबता न्यायचं. रेंगाळलं की सेल तडकला. दोन तडकलेच. बाकीचे डाख असे चकचकीत, की ह्यांनी चष्मा वर करून पाहिले असते. कुणाला दाखवू?

२६ फेब्रुवारी

पॅनेल गच्चीवर चढवलं, बॅटरीला जोडलं. संध्याकाळी वीज गेली. सगळी गल्ली काळीकुट्ट आणि माझ्या जिन्यात दिवा! टाळ्या वाजवल्या. एकटीनंच. मुलाला फोनवर सांगितलं, फुशारकी मारली.

मग त्या उजेडात जिना उतरून पुन्हा चढून आले. खाली काही काम नव्हतं.

३ मार्च, रविवार

दुपारपर्यंत वाट पाहिली. मग फोन आला. "आई, मानलं तुला! माझा मोठा घोर मिटला. ती खोली आता पोरीला अभ्यासाला देतो. आणि आता दर रविवारी धावत यायला नको, नाही का?"

"नको," म्हटलं.

जिंकले मी. इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. तो एकदाही पुन्हा 'चल' म्हणाला नाही.

४ मार्च

सकाळी गच्चीवर गेले, आयर्न तापवलं आणि पॅनेलच्या मागच्या बाजूनं मधला एक डाख सोडवला. एक सुटला की सगळी ओळ मेली. मग मुलाला फोन लावला — "पॅनेल बंद पडलंय रे. काय बिघडलंय, काही कळत नाही मला. रविवारी येऊन बघतोस?"