दुसऱ्या टाकीची भानगड

१० जानेवारी १९६१, अमरावती
आज पुन्हा तेच. बडनेऱ्याच्या पुढं पाच मैलांवर जीपनं दोन ठसके देले अन् बसली. दुसऱ्या टाकीवर होती. कॉक फिरवून पहिल्या टाकीवर घेतली तं बेटी मुकाट्यानं चालू. उतरून दुसरीचं झाकण खोललं, काडी घालून पाह्यलं. पेट्रोल अर्ध्याच्या वर. मग काहून चालून नाही राहिली?
डॉक्टर बाई मागं लशीची पेटी मांडीवर घेऊन घड्याळ पाहत होत्या.  पुण्याच्या आहेत, रागावल्या की गप्प बसतात. बोलल्या असत्या तं बरं वाटलं असतं.

११ जाने.
आरोग्य खात्याच्या साहेबांनी ऑफिसात बोलावलं. "वानखडे, सात फेब्रुवारीला धारणीचा दौरा आहे. परतवाडा सोडलं की मेळघाटात पेट्रोल मिळत नाही. दुसरी टाकी चालत नसेल तर मी गाडी सोडणार नाही. बाईंना जंगलात बसवून ठेवायचं आहे का?"
साहेबांचं खोटं नाही. मागच्या साली गाडीच नव्हती म्हणून दौरा रद्द. औंदा गाडी आहे तं हे. बाईंनी गावोगावी निरोप धाडले आहेत, देवी टोचायले येतो म्हणून. अन् माझं वेगळंच. गाडी कंडम म्हणून नागपूरले गेली की मी बी गेलो. टेम्पररी मानूस. गाडी नाही तं ड्रायव्हर कशाले पाहिजे.

१३ जाने.
कार्बोरेटर खोलला, धुतला. पंप खोलला, चांगला आहे. दुसऱ्या टाकीची (टा. २) नळी काढून फुंकली, तोंडभर पेट्रोल. जेवणाले चव नाही.
सुमन म्हणे, "तुमी त्या जीपसंगंच लगन करायचं होतं."
म्हटलं, ते बी रुसते अन् तू बी रुसतं, पण तुझ्या रुसण्याले निदान कारण असते. घरवाली हसली, जीप काही हसली नाही.
चार वाजता मोझरी रोडनं नेऊन पाह्यली. सहाव्या मैलावर बसली.

१५ जाने., रविवार
अकोल्याले यासीन मिस्त्रीकडं. टा. २ दिवाळीच्या आधी त्यांनीच बसवून देली, मिलिटरीच्या भंगारातली, झाकणासकट. आज ती सीटखालून उतरवली, रिकामी केली, उलटी करून झटकली. गंज नाही, कचरा नाही. फळीवर ठेवून थोडं पेट्रोल ओतलं अन् नळी जोडली, तं धार मोकळी.
"देखो भाऊ, टाकी में कुछ नहीं. धार कशी पडून राहिली पाहा."
मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, मिस्त्री, टाकी फळीवर चालते अन् रोडवर चालत नाही, मी काय फळीवर बसून धारणीले जाऊ? भंगार गळ्यात बांधलं तुमी माझ्या. चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर लय बोललो. म्हातारा मानूस. फडक्यानं हात पुसत राहिला. चहा मागवला होता त्यांनी, मी घेतला नाही.
परत निघालो तं अकोल्याबाहेर आठ मैलांवर बसली.

१७ जाने.
साहेबांले रिपोर्ट लिहून देला : टाकीची फिटिंग खराब, मिस्त्रीचं काम कच्चं. साहेब म्हणाले, मग आपल्या खात्याचं काम त्याच्याकडे यापुढं नको.
बरं झालं म्हटलं. मनात तेवढं बरं नाही वाटलं.

२१ जाने.
एक गोष्ट ध्यानात आली. बसल्यावर झाकण खोलून काडी घातली, की पुन्हा पाच-सात मैल चालते. खोललं नाही तं नाही. काडीत काय जादू आहे समजत नाही. खोलताना सूं असा आवाज येते तो येगळाच.
बाईले सांगितलं. म्हणाल्या, "म्हणजे दर पाच मैलांवर पूजा करायची का?" या भानगडीत पहिल्यांदा हसल्या.
१७ दिवस राहिले.

२४ जाने., दर्यापूर
सापडलं. 
यात्रेच्या आधी कॉलऱ्याची टोचणी होती, शाळेच्या ओट्यावर. लोकांची रांग लावून मी बाईजवळ उभा. रबरी बुचाची बाटली. बाईंनी पिचकारीत आधी नुसती हवा ओढली, सुई बुचातून घातली, हवा आत ढकलली, मग औषध ओढलं. दर वेळी असंच. इतके महिने पाहून राहिलो, कधी विचारलं नाही. आज विचारलं, बाई, औषध काढायचं तं हवा कशाले घालता?
"बाटली बंद आहे ना, वानखडे. आत हवा गेली नाही तर औषध बाहेर कसं येईल? थोडं येतं, मग दट्ट्या अडकतो."
थोडं येते, मग अडकते. मी रांग सोडून जीपकडं पळालो. झाकण काढून उन्हात धरलं. मधोमध मोहरीएवढं भोक, अन् ते भोक साबणानं बुजलेलं. साबण सुकून दगड झाला होता.
साबण माझाच. दिवाळीनंतर अंजनगावच्या खराब रोडवर त्या भोकातून पेट्रोल उसळे, वासानं बाईले मळमळे. मले वाटलं टाकी गळते. गळत्या टाकीले कपड्याचा साबण दाबायचा, हे आमच्या ड्रायव्हर लोकांत लहान पोट्टंबी सांगन. दाबला, अंगठ्यानं सारखा केला, वास बंद. काय हुशार आहे मी, असं वाटलं होतं तवा. मग विसरलो. टा. २ वर लांब जायचं कामच पडलं नाही जानेवारीपर्यंत.
मिस्त्रीकडं फळीवर टाकी ठेवली तवा झाकण बाजूलेच पडलं होतं. म्हणून धार मोकळी. काडीत बी जादू नव्हती, झाकण खोललं की हवा आत जाये.
बाईची वाकडी झालेली सुई मागितली, भोक कोरलं. दर्यापूर ते अमरावती पूर्ण टा. २ वर. एकदाबी नाही बसली.
रस्त्यात बाईले खरं सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्या त्रासासाठीच केलंत ना? मग निम्मी चूक माझी."
म्हटलं, नाही बाई. साबण माझा होता.

२९ जाने., रविवार
झाकण खिशात घालून एस.टी.नं अकोल्याले. चार लोकांसमोर बोललो होतो, तं चार लोक जमेपर्यंत दुकानाबाहेर उभा राहिलो. मग आत जाऊन मोठ्यानं सांगितलं. मिस्त्री, टाकी चांगली होती. भोक मी बुजवलं. तुमाले वाईट बोललो, माझी गलती झाली.
यासीनभाईंनी झाकण उलटंपालटं केलं. "साबुन अच्छा लगाया था भाऊ, बिलकुल हवाबंद." सगळे हसले. मी बी हसलो, पण डोळ्यात पाणी आलं.
मग त्यांनी बसून भोकाले बारीक वाकडी नळी कथलानं झाळून देली. हवा आत जाईन, पेट्रोल उसळून बाहेर येनार नाही, बाईले वासबी नाही. पैशाले हात लावू देला नाही. चहा दोनदा झाला.

१ फेब्रु.
साहेब स्वतः बसले गाडीत. चाळीस मैल, सगळे टा. २ वर. पास.
"दोष काय होता?"
रात्रीच लिहून ठेवलं होतं, ते देलं : हवेचं भोक मी साबणानं बुजवलं होतं. मिस्त्रीचा दोष नाही. १७ तारखेचा माझा रिपोर्ट चुकीचा.
साहेबांनी दोनदा वाचलं. "हे लिहायची काय गरज होती? साफसफाईनं बरी झाली म्हटलं असतं तर भागलं असतं."
म्हटलं, मग यासीन मिस्त्रीचं काम बंदच राह्यलं असतं, साहेब.
कागद खणात ठेवला. "धारणी करून या. मग बघू."
सुमनले सांगितलं. ते चुलीपाशी बसली होती, उठली नाही. "जागा जाईन का?" म्हटलं, माहीत नाही. मग म्हणे, "धारणीले जाताना संग भाकरी किती देऊ?"

७ फेब्रु., धारणी
परतवाड्याले दोन्ही टाक्या भरल्या. सेमाडोहच्या अलीकडं कॉक टा. २ वर फिरवला. कान इंजिनाकडं. पाच मैल. आठ. बाई मागं पेटी घट्ट धरून. हरिसाल गेलं तवा मी श्वास सोडला, अन् मागून बाईनं बी.
इथं दुपारपासून लोक बसले होते. एक कोरकू म्हातारी नातीले कडेवर घेऊन तीन कोस चालत आलेली. म्हणे, मागच्या साली बी बसलो होतो, तुमी आलेच नाही. बाईंनी नातीचा दंड हातात घेतला अन् टोचलं. पोर रडली, म्हातारी हसली.
सांजच्या पारी बाई नकाशा घेऊन आल्या. नदीपलीकडं आणखी तीन गावं आहेत, रस्ता बैलगाडीचा. "वानखडे, जाईल का गाडी?"
जानेवारीभर अशा सवालाले माझ्या तोंडून 'पाहू' निघे. खणातल्या कागदाचं काय झालं असन, परत गेल्यावर या सीटवर मीच राहीन का दुसरा कोनी, काही माहीत नाही. टा. २ अर्धी भरली आहे.
म्हटलं, जाईन बाई. सकाळी सहाले निघू.