वाऱ्याच्या मनोऱ्याची पहिली वीट

केरमान, ५ शहरीवर

ती. नुसरतकाकांस माहरुखचा सा. सलाम वि. वि.

काका, जमलं! समितीने माझा आराखडा मान्य केला, नक्कल सोबत जोडली आहे. खाली चौकाभोवती दुकानं, त्यावर कचेऱ्या, वर बिऱ्हाडं, चौकात हौद आणि साऱ्या इमारतीत गार वारा उतरवणारा विटांचा मनोरा. मी कचेरीतल्या टेबलावर चढून नाचले. अट एकच. समिती पुढच्या महिन्यात, मेहरच्या वीस तारखेला येईल, तेव्हा मनोऱ्याचं काम सुरू झालेलं दिसलं पाहिजे. नाहीतर मनोरा रद्द, गारव्याला यंत्रं. तुमच्यासारख्या मुरलेल्या गवंड्याशिवाय हे कुणाला जमणार? याल ना?

लोभाचा हात सैल असू द्यावा.

माहरुख


यझ्द, ११ शहरीवर

चि. माहरुख हिस अ. आ.

तुझं पत्र साऱ्या गल्लीला वाचून दाखवलं. पण पोरी, मी कसला उस्ताद! हात थरथरतात, डोळे गेले. मेबदचा बेमानअली माझ्यापेक्षा शंभर पटींनी बरा, त्याला बोलाव. फक्त मनोऱ्याची तोंडं तू दोन हात खाली काढली आहेस, रस्त्याची धूळ आत येईल. आतल्या आडभिंतीही फार जाड आहेत. आणि चुना आठवडाभर आधी भिजत घाल. मी आपलं सहज सांगितलं.

आमची आठवण असू दे.

काका


यझ्द, २४ शहरीवर

माहरुख, आशीर्वाद नंतर, आधी बोलणी खा.

तुमची अडचण समजली, बेमानअलींना विचारते, असं तू काकांना कळवलंस? ते एकदा नाही म्हणाले आणि तू ऐकलंस? माणसाला तीनदा विचारायचं असतं, हे तेहरानच्या कॉलेजात शिकवत नाहीत वाटतं! ते नवी थापी घेऊन, पिशवी भरून, आठ दिवस दाराशी बसले होते. आता जेवणावर राग काढतात. काल म्हणाले, बेमानअलीला कबुतरांचं खुराडंसुद्धा सरळ बांधता येत नाही. ताबडतोब पुन्हा विचार. मी लिहिलंय हे त्यांना कळू देऊ नकोस.

रागावले तरी तुझीच,

तूबाकाकू


केरमान, १२ मेहर

ती. काकूंस सा. सलाम.

कान पकडले. काकांना आणखी दोनदा विचारलं. एवढा आग्रह आहे तर नाइलाज, असं त्यांचं उत्तर आलं. पण काकू, घोटाळा झालाय. बेमानअलींनीही मी कसला उस्ताद म्हणून नकार दिला होता. तुमचं पत्र वाचून वाटलं, तेही दाराशी बसले असतील. म्हणून त्यांनाही तीनदा विचारलं. दोघेही येताहेत! हसावं की रडावं कळेना.

माया असू द्यावी, तिची आता फार गरज आहे.

माहरुख


केरमान, २० मेहर

सौ. तूबा हिस,

सुखरूप आहे. सकाळी मी बेमानअलीला म्हटलं, पहिली वीट तू ठेव. तो म्हणाला, नुसरतभाई, तुमच्यापुढे माझी काय पात्रता? मी म्हटलं, तू वडीलधारा. तो म्हणाला, दाढी तुमची पांढरी. दुपारची नमाज झाली, कालवलेला चुना वाळला, पुन्हा कालवला. समितीचे पाच साहेब चहावर चहा पीत होते. शेवटी अध्यक्ष घड्याळ बघून गाडीकडे वळले.

तेव्हा आपल्या माहरुखने बाह्या सारल्या आणि स्वतःच वीट ठेवली.

इतकी वाकडी, तूबा, इतकी वाकडी! मी डावीकडून धावलो, बेमानअली उजवीकडून, आमची टाळकी आपटली. वीट उपटली, नीट बसवली, मग दुसरी, तिसरी. काम सुरू झालेलं पाहून अध्यक्ष परत फिरले, मनोरा कायम झाल्याचं माहरुख ओरडून सांगत होती, पण मान वर करायला सवड कुणाला? बेमानअलीचा कोपरा माझ्यापुढे एक थर गेला होता.

गरम कपडे पाठव. तो घरी गेल्याशिवाय मी येत नाही.

तुझाच,

नुसरत