वाकड्या देठाचं पिंपळपान

सोमवार, ४ मार्च

जोडाक्षरं जुळली! नव्या सॉफ्टवेअरमध्ये 'बुद्ध' लिहिलं की द आणि ध सुटे पडत होते. फॉन्टचा दोष नव्हता. मजकुराची मांडणी रोमन लिपीची निवडलेली होती. भारतीय लिपींची केली, फाईल पुन्हा उघडली — सगळं जागेवर.

इंद्रकुमारभाऊंना दाखवलं. 'पुराने में तो ये लफडा था ही नहीं,' म्हणाले. प्रेस त्यांची. जुना कम्प्युटर बंद करा, हा आग्रह माझा. त्यांची अट: देवाजी नावाच्या गिऱ्हाइकाच्या मुलीच्या लग्नपत्रिका नव्यावर नीट निघाल्या तर जुना भंगारात. नाहीतर नवा परत, आणि मी कायम जुन्यावर. मंजूर.

मंगळवार, ५ मार्च

देवाजी सडक अर्जुनीहून आले. मोठ्या मुलीचं लग्न. सोबत धाकटी, अन्नपूर्णा. वर बुद्धांचं चित्र, खाली 'मंगल परिणय', चारही कोपऱ्यांत पिंपळपान. रविवारी नातेवाईक जमणार, तेव्हा वाटप.

सगळं देवाजी बोलले. कोपऱ्यांबद्दल फक्त अन्नपूर्णा — 'पान तेच पायजे. देठ वाकडा आहे ते.' आमच्या एका जुन्या नमुन्यावर तसं पान आहे खरं. पण लोक कोपऱ्यांकडे बघतही नाहीत. हिला कसं माहीत?

बुधवार, ६ मार्च

नमुना छापला. बुद्धांच्या चित्राभोवती चार कलश! नारळासकट.

काउंटरवरच्या नीतूनं उचलून पाहिला. 'दीदी, देवाजी को ये तुम ही दिखाना. उस दिन मेरी छुट्टी है.' भाऊंनी जुन्या कम्प्युटरवरचं कापड तेवढं काढून ठेवलं.

फ्रेमची फाईल तीच. कोपऱ्यातलं चित्र ज्या फॉन्टमधून येतं, त्याचं नावही तेच. जुन्यावर उघडली — तिथेही कलश! म्हणजे नव्याचा दोष नाही. बरं वाटलं. 'तो पत्ता गया कहाँ?' भाऊंनी विचारलं.

नेटवरून दुसरं पान घे, म्हणाले. सरळ देठाचं मिळालं. अन्नपूर्णाला फोटो पाठवला. उत्तर आलं: 'नाही.'

गुरुवार, ७ मार्च

फ्रेम बनवली होती योगराजनं. माझ्या आधीचा ऑपरेटर, आता नागझिऱ्यात गाईड. सकाळची फेरी संपवून गेटवर आला तेव्हा फोन लागला.

'काऊन, जुना डब्बा मेला का?'

अडचण सांगितली. हसतच सुटला. 'दोन फॉन्ट आहेत ना, बाई! एक बाजारातला, कलशवाला. एक मी बनवला, पानवाला. नाव एकच.'

'एकच का?'

'कायले वेगळं ठेवू? प्रत्येक लग्नाले नवी फ्रेम कोण बनवत बसन? ज्याचं लग्न त्याचा फॉन्ट चढवाचा, दुसरा उतरवाचा. कोपरे आपोआप बदलतेत.'

त्याच्या आधी प्रेसमध्ये पिंपळपान नव्हतंच. बौद्ध घरच्या पत्रिकांचे कोपरे कोरे जायचे. आमच्याही घरच्या पत्रिका तशाच होत्या. हे त्याला सांगितलं नाही. विचारलं — देठ वाकडा का?

'आणून दिलेलं पान तसंच होतं.' कोणी आणून दिलं? 'सफारीची जिप्सी आली,' म्हणाला. फोन ठेवला.

एका नावाचे दोन फॉन्ट एकत्र चालत नाहीत, एक दुसऱ्याला झाकतो. पद्धत धोक्याची. हुशारीची पण! फॉन्ट सापडला — जुन्या कम्प्युटरवर, 'इतर' नावाच्या फोल्डरमध्ये.

शुक्रवार, ८ मार्च

पानाच्या फॉन्टचं नाव बदललं. फाईलचं बदलून भागत नाही, आतलं बदलावं लागतं. 'योगराज-पिंपळ' ठेवलं. आता दोन्ही फॉन्ट यादीत शेजारी शेजारी दिसतात. पीडीएफ करताना फॉन्ट आतच बसवला, म्हणजे छपाईच्या मशीनवर घोळ नको. चार कोपरे, चार पानं.

भाऊंनी नमुना उजेडात धरला. उलटाही करून पाहिला! 'छाप दे.'

शनिवार, ९ मार्च

देवाजी पत्रिका घेऊन गेले. अन्नपूर्णानं एक उघडली, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. 'हेच.' बस, एवढंच.

भाऊंनी जुन्या कम्प्युटरवर कापड परत घातलं. भंगारवाल्याला काही बोलावलं नाही. असू दे. घरी, मुर्रीपर्यंत, सायकल आज हलकी वाटली.

मंगळवार, ७ मे

योगराज प्रेसमध्ये आला. पहिल्यांदाच पाहिला. स्वतःची लग्नपत्रिका छापायची आहे. 'मोठीचं होऊ द्या, मग बोलू, म्हणे तिच्या घरचे. झालं. बोललो.' वधू — अन्नपूर्णा, सडक अर्जुनी.

'कोपऱ्यांत काय? कलश की पान?'

तो नव्या कम्प्युटरकडे बघत राहिला. 'आमच्या घरी कलश, तिच्या घरी पान. दोन्ही येतेत का एका पत्रिकेवर? माझ्या टायमाले येत नव्हते.'

आता येतात.