ही ओळ माझी नाही

२ जून २०२५
आजपासून येरमाळ्यात नोकरी! रस्त्याकडेच्या टायरच्या दुकानावर आमच्या कंपनीची खोली आहे. गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी संगणकात चढवल्यात. त्यातल्या चुका क्वेरी, म्हणजे संगणकाला आज्ञेची ओळ, लिहून दुरुस्त करायच्या. साहेब कल्याणप्पा, मवाळ माणूस. झाडलोट नि चहा शांताक्कांकडं. मी अणदूरची म्हटल्यावर त्यांनी माझ्या चहात साखर वाढवली. अम्मीला फोनवर सगळं सांगितलं.

३ जून
क्वेरी चुकली म्हणून अनडू, म्हणजे केलेलं मागं घ्यायचं बटण, दाबलं. माझी ओळ गेली आणि तिथं दुसरीच आली. मी न लिहिलेली. मृत्यू, हिंमतराव, ४ जून. तारीख उद्याची! आधीच्या कुणाची राहिली असेल म्हणून विचारलं, तर कल्याणप्पा म्हणाले, संगणक कोरा आहे, तुझ्याआधी कुणी बसलेलंच नाही.

५ जून
खालचं दुकान कालपासून बंद. मालक ट्रकखाली शिरून काम करत होते, जॅक निसटला. त्यांचं नाव मला आज कळलं. हिंमतराव.

९ जून
इतके दिवस अनडूला हात लावला नव्हता. आज सवयीनं बोट गेलं. मृत्यू, शांताक्का, १० जून. त्या शेजारीच फरशी पुसत होत्या. घाबरून मी पुन्हा अनडू दाबलं. ओळ गेली. जीव भांड्यात पडला. तरी त्यांना म्हटलं, उद्या घरीच थांबा. हसल्या. म्हणाल्या, म्या लई चिवट हाय गं.

१० जून
चहा आला नाही. कल्याणप्पा विचारतात, कोण शांताक्का? मी त्यांच्या घरी गेले. त्यांचे यजमान योगीराज दारात बसले होते. म्हणाले, माझं लगीनच झालं न्हाय, पोरी.
शांताक्कांची जन्मनोंद शोधली. नाही.
अनडूनं मरण नाही, जन्मच मागं घेतला.

११ जून
रीडू, म्हणजे मागं घेतलेलं परत आणायचं बटण, दाबलं. ओळ परत आली.
दुपारी योगीराजांच्या दारात गर्दी. शांताक्का काल छातीत कळ येऊन गेल्या, म्हणे. योगीराज भिंतीवर डोकं आपटत होते. निदान त्यांना रडायला कुणी होतं तरी — मी बरोबर केलं का —

१२ जून
काहीच दाबलं नाही. तरी ओळ आली.
मृत्यू, अन्वरी शेख, अणदूर, १३ जून.
अम्मी.
फोन केला. पीठ मळत होती. म्हणाली, कब आती बेटा?
आत्ता निघते म्हटलं. अनडू नाही. कधीच नाही. ती जन्मलीच नाही तर मी —
बसला दहा मिनिटं आहेत. खोलीच्या दारात बसून लिहितेय, हात थांबत नाही.
कल्याणप्पा माझ्या खुर्चीत बसलेत. विचारतायत, ही ओळ तुझी का?
मी ओरडले, साहेब, हात लावू नका —
म्हणतात, अगं, चूक तर आहे, मीच अनडू दाबून मागं घे