टकटकणाऱ्या डिस्कमधली आजी

मुलुंड, रविवार

आदरणीय नलिनीआत्या,

तुझ्या संघमित्राचा सप्रेम जयभीम. आम्ही तिघं ठणठणीत आहोत, काळजी तुझ्या गुडघ्यांची. डॉक्टरांनी जिना बंद केलाय आणि तू गच्चीवर कुरडया घालतेस, असं तुझा विशाल फोनवर सांगत होता. (कुरडया पोचल्या. छान झाल्यात.)

आता तुझ्या भावाचा प्रताप ऐक. आपल्या गायनपार्टीच्या तीस वर्षांच्या कॅसेट बाबांनी वर्षभर खपून एका हार्ड डिस्कमध्ये उतरवल्या आणि घरात जागा झाली म्हणून कॅसेटचं पोतं भंगारवाल्याला दिलं. आजीची जात्यावरची गाणीही त्यातच. आजी जाऊन अकरा वर्षं झाली, तिचा आवाज तेवढ्या एका डबीत उरला होता, आणि गेल्या महिन्यात ती डबी टक-टक करायला लागली. दुसरा कुणी घाबरला असता. बाबा पडले ढोलकीवाले! त्यांनी मांडीवर ठेका धरला, "मितू, ऐक, बरोबर समेवर येतेय." मग शेजारच्या नंदूकाकांना ऐकवली, नंदूकाकांच्या मेव्हण्याला ऐकवली (दर वेळी नव्याने चालू करून). शेवटी एकही गाणं उघडेना, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. नंदूकाकांचा बादलीत पडलेला मोबाइल तांदळात ठेवून बरा झाला होता, म्हणून डिस्कही दोन दिवस तांदळात पुरली. ही पाण्यात पडलीच नव्हती, असं मी म्हटलं, पण माझं कोण ऐकतं!

मग ऑफिसात विचारून मी गोरेगावच्या मिथुनचा पत्ता काढला. बिघडलेल्या डिस्कमधून माल बाहेर काढणं हाच त्याचा धंदा. त्याने आधी चिमट्याने डिस्कच्या खाचेतून एक दाणा काढला आणि विचारलं, "कोलम?" आई दुखावून म्हणाली, "इंद्रायणी आहे." मग त्याने कॉपी कुठंय विचारलं. बाबा म्हणाले, "हीच कॉपी." "आणि ओरिजिनल?" "भंगारात." मिथुनने डिस्क बाबांच्या हातापासून लांब सरकवली. मग त्याने समजावलं, आत ताटल्या फिरतात, एक बारीक हात त्या वाचतो, तो हात थकलाय, आणि जितक्या वेळा चालू कराल तितकी वाट लागेल. बाबांनी मान खाली घातली. मला फार वाईट वाटलं गं.

चार दिवस त्याचं मशीन आधी सहज येईल ते उतरवून घेत होतं, मग अडलेल्या जागी परत जात होतं. बाबा रोज डबा घेऊन तिथे हजर. "आधी आईचं काढ." "काका, डिस्कला तुमची आई ओळखू येत नाही." पाचव्या दिवशी मिथुनने स्पीकर लावला. जात्याची घरघर आली आणि पाठोपाठ आजी! बाबा रडत रडत काउंटरवर ढोलकी वाजवत होते, बाजूचा झेरॉक्सवाला काम टाकून ऐकायला आला, आईने सगळ्या गाळ्यांत पेढे वाटले. दोनशे एकोणीसपैकी दोनशे बारा गाणी वाचली. गेलेली सातही बाबांची एकट्याची होती. आम्ही शक्य तेवढं दुःख केलं.

आता तीन कॉपी आहेत. एक घरी, एक माझ्या ऑफिसात, एक विशालला पाठवतेय.

तुझी,
संघमित्रा

ता. क. बाबांच्या मते तीच सात गाणी सर्वांत उत्तम होती. तुझ्या लग्नात ते गायले होते, ती कॅसेट तुझ्या ट्रंकेत असेल, तेवढी शोध म्हणतात.

ता. क. २. (बाबा खाली गेलेत.) नाही सापडली तरी चालेल. आई म्हणते, सापडली तरी नाही सापडली.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तोच मिथुनने सातातल्या एका गाण्याचा तुकडा पाठवला. चौदा सेकंद. बाबा वरचा सूर लावायला जातात, आवाज फाटतो, आणि मागून आजी खो खो हसत म्हणते, "सित्या, उतर खाली, पडशील!" ती हसलेली दुसरी कुठेच नाही गं. आम्ही तिघांनी वीस वेळा ऐकलं. तुझ्या लग्नात ती पुढेच बसली असेल ना? आत्या, ट्रंक अख्खी उपस.