गाळलेली स्क्रिप्ट

सोमवार, ४ मार्च

नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क खुशीत आहे. आई म्हणाली होती, तुझा राग सदा नाकावर असतो, निदान पहिला आठवडा तरी तो घरी ठेवून जा. ठेवून गेले. सहावा मजला, खिडकीजवळची जागा, समोर लिफ्ट, आणि न डुगडुगणारी खुर्ची. आणखी काय हवं?

लिफ्ट चालवणारा जो छोटा संगणक असतो, त्याचं सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवते. ते पॅकेजमध्ये बांधून ग्राहकांकडे जातं. जुन्या यंत्रांच्या पॅकेजचा फॉरमॅट वेगळा, नव्यांचा वेगळा. जुनी पॅकेजेस नव्या फॉरमॅटमध्ये आणायची, हे माझं काम. प्रत्येक पॅकेजवर ‘जबाबदार’ म्हणून एकाचं नाव लिहावं लागतं. आत्तापर्यंत सगळ्यांवर माझ्या आधी हे काम करणाऱ्या बाईंचं नाव आहे. ऑफिसात त्यांना मास्तरीणबाई म्हणत, कारण त्या साहेबांच्याही चुका काढत. ‘त्या आता नाहीत’ एवढंच साहेब म्हणाले आणि तिथे माझं नाव घालायला सांगितलं. मला काय, आनंदच झाला. आईला फोन करून सांगितलं की चाळीस इमारतींत तुझ्या लेकीचं नाव लागणार.

बुधवार, ६ मार्च

काम सोपं आहे, म्हणूनच फसवं आहे. रूपांतराचं टूल जुन्या पॅकेजमधल्या फायली उचलून नव्यात ठेवतं. पण पॅकेजमध्ये स्क्रिप्टही असते, म्हणजे इन्स्टॉल झाल्यावर यंत्राने काय करायचं त्याच्या सूचना. ती टूल आपणहून उचलत नाही, मुद्दाम सांगावं लागतं. नाही सांगितलं तरी पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘यशस्वी’ येतंच.

मास्तरीणबाईंची स्क्रिप्ट अशी: त्या लिफ्टला साजेसा ब्रेकचा आकडा बसवायचा, मग दारं बंद ठेवून रिकामी लिफ्ट वर-खाली न्यायची, ब्रेक धरतो का बघायचं, आणि मगच माणसांना आत घ्यायचं. यात बारा मिनिटं जातात. साहेब म्हणाले, तेवढ्यात ग्राहक डोकं खातात, स्क्रिप्ट गाळा. मी विचारलं, धोका नाही ना? ते म्हणाले, जुना आकडा असतोच की यंत्रात. मला ते पटलं नव्हतं, नवं पॅकेज तो आकडा पुसूही शकतं. पण नवीन नोकरी, वाद घालणार नाही असं आईला कबूल केलेलं. मुकाट्याने चाळीस पॅकेजेस स्क्रिप्ट गाळून केली आणि चाळीसवर माझं नाव घातलं. त्यातलं एक चाचणीसाठी आमच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये गेलं; ते माझ्या जागेवरूनच बदलता येतं. बाकीची पुढच्या आठवड्यात ग्राहकांकडे जातील.

शुक्रवार, ८ मार्च

सकाळी एक पॅकेज सहज उघडून पाहिलं, तर आत स्क्रिप्ट. मी घातलेली नाही. तिच्या डोक्यावर टीप होती, काम पुढे नेणाऱ्यासाठी आम्ही ठेवतो तशी: ‘ही काढू नकोस.’ काढली. दुपारी पुन्हा उघडलं, तर पुन्हा तिथेच. या वेळी: ‘एकदा सांगितलं ना.’ आणि खाली आजची तारीख.

कोणीतरी नवख्या पोरीची फिरकी घेतंय असं वाटून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की गंमत पुरे झाली. कोणी हसलं नाही. कोणी वरही पाहिलं नाही. तेवढ्यात समोरची लिफ्ट उघडली. आत कोणी नव्हतं. बराच वेळ उघडीच राहिली, जेवढा वेळ कुणी आपल्याकडे बघत उभं राहावं तेवढा.

सोमवार, ११ मार्च

लिफ्ट बसवणारे फिटरकाका आज चहाला भेटले. मास्तरीणबाई नोकरी सोडून गेल्या असं मी धरून चालले होते. त्या वारल्यात. दोन वर्षांपूर्वी, लिफ्टमध्ये. एका इमारतीतल्या पॅकेजबद्दल शंका आली म्हणून स्वतः बघायला गेल्या आणि अकराव्या मजल्यावरून लिफ्ट सुटली. पॅकेजमध्ये स्क्रिप्ट नव्हती. जबाबदार म्हणून नाव त्यांचंच. साहेबांनी शोकसभेत त्यांच्या नवऱ्यासमोर सांगितलं की घाईत बाईंकडूनच राहून गेलं.

काका खाली बघत म्हणाले, “ती बाई जेवायचं विसरायची, तपासणी नाही. पण आमचं कोण ऐकतंय?”

मंगळवार, १२ मार्च

जुन्या नोंदी खणून काढल्या. स्क्रिप्ट साहेबांच्या लॉगिनवरून काढलेली आहे. नाव तेवढं बाईंचं ठेवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही संन्यासी मेल्यावर.

तशीच साहेबांच्या खोलीत गेले. त्यांनी नाकारलंसुद्धा नाही. शांतपणे म्हणाले, “तुमच्या चाळीसवर कुणाचं नाव आहे, ते बघा आधी.”

जागेवर आले तर उघड्या स्क्रिप्टवर नवी टीप: ‘दोघांनी काढली. आधी त्याने, मग तू.’

घरी आईला अर्धंमुर्धं सांगितलं. ती म्हणाली, मीच येऊन तुझ्या साहेबांशी बोलते. मी तिच्यावर ओरडले. मग तिच्याच मांडीवर डोकं ठेवून रडले.

गुरुवार, १४ मार्च

ग्राहकांकडे जायच्या आधीच एकोणचाळीस पॅकेजेसमध्ये स्क्रिप्ट परत घातली. एकदाही अडलं नाही. राहिलं चाळीसावं, आमच्याच इमारतीतलं. ते उघडलं तर टीप होती —

‘हे राहू दे. मला हवंय.’

कुणासाठी ते विचारावं लागलं नाही. मी ते तसंच ठेवलं. त्यावरचं माझं नाव काढून साहेबांचं घातलं.

उद्या सकाळी तळमजल्यावर पाटी लावणार: लिफ्ट बंद. सगळे जिन्याने येतील. साहेब येणार नाहीत. त्यांच्या मते पाट्या इतरांसाठी असतात.

मी घाबरलेय का? नाही. बरं वाटतंय. खूप दिवसांनी भूक लागली.

शुक्रवार, १५ मार्च

९.१० — पाटी लावली. फिटरकाका धापा टाकत वर आले, मला शिव्या घालत. घालू देत.

९.२० — सगळे आले. साहेब राहिलेत. लिफ्ट खाली उभी आहे, दार उघडं. वाट बघतेय. मीही.

९.२६ — लाज वाटायला हवी. वाटत नाही. त्या शोकसभेत त्यांनी कसं तोंड केलं असेल ते डोळ्यांपुढे आणते आणि —

९.३१ — आईचा फोन. खाली आलीये. साहेबांशी बोलायला. मला न सांगता. ते दारातच भेटले म्हणे. किती सज्जन माणूस गं, म्हणाली, पाटी बघून मी जिन्याकडे निघाले तर म्हणाले, गुडघ्यांना कशाला त्रास, पाटीचं काय घेऊन बसलात, चला माझ्याबरोबर — मी ओरडले. फोन तुटला. परत लागत नाही. आत रेंज नसते.

जिन्याने पोचणार नाही. स्क्रिप्ट परत घालते —

घेत नाही.

पुन्हा. नाही घेत. हिरवं ‘यशस्वी’, आणि आत काही नाही —

जबाबदार — साहेबांचं नाव होतं. मीच घातलं होतं. आता तिथे माझं —

लिफ्टच्या दारावरचा आकडा दोन. तीन.

बाई, ऐका. चूक माझी. मला न्या. तिने काहीच —

चार. लिफ्टच्या बोगद्यातून आवाज येतोय. आई हसतेय. त्यांना सांगतेय, लहानपणापासून अशीच तापट, पण मनाने —