कोळशाच्या मोटारीची पूर्वतयारी

१ फेब्रुवारी १९४२, रविवार. बुलढाणा.

आज मोटार मालक संघाचा सेक्रेटरी झालो. एकमताने. हजर सभासद पाच. त्यांपैकी दोघांना डुलकी लागली होती, पण विरोध कोणी केला नाही हे महत्त्वाचे. देऊळघाटचा इंद्रभान गैरहजर. त्याला सार्वजनिक कार्याची गोडी नाही.

प्रश्न गंभीर आहे. लढाईमुळे पेट्रोलची कुपने निम्म्यावर आली, उन्हाळ्यात आणखी कमी होणार. सरकारी पत्रक म्हणते, प्रवासी मोटारी लाकडी कोळशाच्या गॅसवर चालवा. मोटारीच्या मागे लोखंडी पिंप बसवायचे, त्यात कोळसा पेटवायचा, त्याचा गॅस नळीने इंजिनात न्यायचा. सभासद घाबरले. अध्यक्ष रामराव म्हणाले, "म्हंजे गाडीच्या पाठीवर चूल घेऊन हिंडाचं काय?"

मी उभा राहिलो. म्हणालो, सहा आठवड्यांत सर्व सभासदांना तयार करतो. टाळ्या. झोपलेल्यांपैकी एक जागा झाला.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून गॅसचा अभ्यास.

४ फेब्रुवारी.

पाचला उठलो नाही. थंडी. साडेआठला उठून कसर भरून काढली. इंग्रजी पुस्तिका मिळवली आहे, पाने अठ्ठेचाळीस. चित्रे सर्व समजली. मजकूर चित्रांना धरूनच असणार.

आमच्या एकुलत्या एका मोटारीचा ड्रायव्हर कडूबा विचारत होता, "मालक, आपल्या गाडीले पिंप कवा लावाचं?" त्याला सांगितले की आधी मन तयार व्हावे लागते, मग मशीन. तो म्हणाला, "मन तयार हाये मालक, पेट्रोलच नाही." अशिक्षित माणसाला क्रम समजत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार.

पहिले व्याख्यान. विषय: यंत्रयुग आणि वऱ्हाड. वेळ एक तास पन्नास मिनिटे. सुरुवात चाकाच्या शोधापासून केली. गॅसपर्यंत पोहोचता आले नाही.

शेवटी प्रश्नोत्तरे. रामराव म्हणाले, "पिंप फुटन का?" मी म्हणालो, शास्त्रीयदृष्ट्या नाही. यावर दोघांनी आपल्या खुर्च्या दाराजवळ सरकवल्या. शास्त्रीय शब्द जरा जपून वापरले पाहिजेत.

इंद्रभान आजही गैरहजर. अकोल्याला गेला म्हणे. बहुधा दवाखान्याला.

१६ फेब्रुवारी.

कमिट्या नेमल्या. कोळसा कमिटी, धूर कमिटी, राख कमिटी. प्रत्येक सभासद कुठल्या तरी कमिटीचा चेअरमन झाला, त्यामुळे मेंबर व्हायला कोणी उरले नाही. धूर कमिटीच्या चेअरमनला दमा आहे. विषयाची आच त्यालाच जास्त असणार.

घरी जेवताना बायकोने, सोजराबाईने, विचारले, "तुमी सगळ्यायले शिकवून राह्यले, पन तुमी कवा पाह्यला तो गॅस?" मी पाण्याचा तांब्या मागितला.

२ मार्च, सोमवार.

अत्यंत खेदजनक घटना. मीटिंग ऐन रंगात आली असताना खिडकीखालून एक मोटार गेली. पाठीवर पिंप. पेट्रोलचा वास नाही. इंद्रभान स्वतः चालवत होता आणि त्याने भोंगा वाजवला. सगळे सभासद खिडकीकडे धावले. मी खिडकी लावून घेतली.

ठराव मांडला: सभासद इंद्रभान हे संघाचा अभ्यासक्रम पूर्ण होण्यापूर्वीच परस्पर तयार झाले, याबद्दल सभा नाराजी व्यक्त करते. अनुमोदक मिळाला नाही. मीच अनुमोदन दिले.

१६ मार्च.

सहा आठवडे पूर्ण. आजच्या व्याख्यानाला एकटे रामराव. बाकीच्यांचे निरोप आले. एकाची म्हैस आजारी, एकाचे पाव्हणे आले, धूर कमिटीला दमा. रामराव तरी शेवटपर्यंत बसले. निघताना म्हणाले, "मी छत्री न्यायले आलो होतो, तुमी सुरूच केलं."

तयारीचा तक्ता केला. माझ्या हिशेबाने सभासद ब्याण्णव टक्के तयार आहेत. उरलेले आठ टक्के म्हणजे प्रत्यक्ष पिंप बसवणे. ते काय, होईलच.

२३ मार्च.

कडूबा सोमवारी संध्याकाळी देऊळघाटला जातो असे कळले. विचारले तर म्हणाला, इंद्रभानच्या आवारात सगळे मालक आणि ड्रायव्हर जमतात, पिंप उघडून पाहतात, राख काढतात, पेटवतात. म्हणजे माझी व्याख्याने ऐकून त्यांना प्रात्यक्षिकाची ओढ लागली! आणि माझ्यासमोर चुकू नये म्हणून बिचारे दुसऱ्या गावी जाऊन सराव करतात. डोळे भरून आले. इतका आदर अपेक्षित नव्हता.

१२ एप्रिल.

आमची कुपने संपत आली. दोन गॅलन पेट्रोल अडीअडचणीसाठी राखून मोटार उभी केली आहे. लोक म्हणतात बंद पडली. बंद पडणे वेगळे आणि उभी करणे वेगळे. सोजराबाईने टपावर कुरडया वाळत घातल्या. बॉनेटवर पापड. मी हरकत घेतली तर म्हणाली, "लई चांगलं ऊन लागते वरतं. तुमची मोटार पयल्यांदाच घरच्या कामी येऊन राह्यली."

संकल्प: यापुढे घरात तांत्रिक चर्चा करायची नाही.

२० एप्रिल.

सोजराबाईचे भाऊ शेषराव आले होते. त्यांच्या मुलीचे, पुष्पाचे, लग्न ६ मे रोजी येथेच आहे. नवऱ्या मुलाकडची मंडळी आगगाडीने मलकापूरला उतरणार. तिथून राजूरचा घाट चढून बुलढाण्याला आणायची. शेषरावांनी इंद्रभानची मोटार ठरवली होती. संघाच्या सेक्रेटरीच्या सख्ख्या मेहुण्याने! मी तिथल्या तिथे ती रद्द करवली. माझी मोटार गॅसवर जाईल, म्हणालो.

शेषराव म्हणाले, "जवाईबापू, पोरीचं लगन हाये. मुहूर्त गोरजाचा हाये."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सोजराबाई आतून बाहेर आली, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा आत गेली.

२७ एप्रिल.

पिंप बसले! अकोल्याचा मिस्त्री येऊन बसवून गेला. भव्य दिसते. मिस्त्री कडूबाला काही समजावून सांगत होता. मी म्हणालो, मला सर्व माहीत आहे. तो लवकर निघून गेला.

कडूबाला स्पष्ट बजावले: स्टेअरिंग तुझे, शास्त्र माझे. पिंपाला हात लावायचा नाही.

४ मे, सोमवार.

पुस्तिकेत पान सातवर कोळसा 'क्लीन अँड ड्राय' असावा असे आहे. आधी क्लीन. म्हणून दोन पोती कोळसा हौदावर स्वच्छ धुऊन घेतला. इतके काळे पाणी निघाले की थक्क झालो. बाजारात किती घाणेरडा कोळसा विकतात! सबंध दुपार धुतला तरी पाणी काळेच. पुस्तिकेत याबद्दल काही नाही. लिहिणाऱ्याने स्वतः धुऊन पाहिलेला नसावा.

कडूबा डोक्याला हात लावून ओट्यावर बसला. सोजराबाई म्हणाली, "कोयसा कोनी धुते काय हो? दोन दिस तरी वाळवा लागन." मी म्हणालो, पिंपात आत आगच आहे, तिथे वाळेल.

६ मे, बुधवार. सकाळी सहा.

निघतो. फेटा बांधला आहे. शेषरावांना निरोप: निश्चिंत असा. सोजराबाई पाव्हण्यांच्या स्वागताला सोबत येत आहे. तिने एक वेगळे पोते गाडीत टाकले. विचारले तर म्हणाली, "असू द्या." बहुधा कुरडया.

७ मे, गुरुवार.

काल लिहिता आले नाही. कारणे पुढे येतील.

घाट उतरताना मोटार उत्तम चालली. इंजिन बंद होते, पण वेग समाधानकारक. मलकापूर स्टेशनावर एकतीस माणसे आणि बाशिंग बांधलेला नवरदेव. राखलेल्या पेट्रोलवर घाटाच्या पायथ्यापर्यंत आलो आणि तिथे पेट्रोल संपले. मी उठून उभा राहिलो. जाहीर केले: मंडळी, आता विज्ञान सुरू होते.

पिंप पेटवले. धूर आला. पांढरा, मग पिवळा, मग काळा. गॅस आला नाही. झाकणातून चिकट डांबर गळू लागले. वारा नेमका नवरदेवाच्या खिडकीकडे. तो सभ्य मुलगा आहे, जागचा हलला नाही, फक्त हळूहळू काळा होत गेला. त्याची आई, मनकर्णाबाई, म्हणाली, "अवो, माह्या पोराले लगनाले न्याचं हाये, का भट्टीत घालाचं हाये?"

मंडळींना धीर यावा म्हणून मी गॅसचे तत्त्व समजावून सांगितले. चाकाच्या शोधापासून. साधारण चाळीस मिनिटे. ऊन कडक होते.

तेवढ्यात खालून भोंगा. रामरावांची मोटार. पाठीवर पिंप. गॅसवर! त्यांच्यामागे राख कमिटी, मग धूर कमिटी, सगळे गॅसवर, तिसऱ्या प्रहराच्या फेऱ्या घेऊन. सर्वांत शेवटी इंद्रभान. एकेकाने थांबून सात-आठ पाव्हणे घेतले. नवरदेव इंद्रभानच्या मोटारीत बसला. इंद्रभान मला एवढेच म्हणाला, "भगवंतराव, तुमी बी आले असते देऊळघाटले. काऊन नाही आले?"

मी म्हणालो, आमंत्रण नव्हते. तो म्हणाला, "कोनालेच नव्हतं. सगळे आपसूक आले."

मोटारी वळणाआड गेल्या. मागे राहिलो मी, कडूबा आणि सोजराबाई. मला वाटले ती आता भावाच्या इज्जतीबद्दल बोलेल. तिने पदर खोचला. कडूबाला म्हणाली, "उघड रे ते खालचं झाकन." दोघांनी माझा धुतलेला कोळसा सगळा रस्त्याच्या कडेला ओतला, राख काढली, नळी साफ केली. मग तिने ते वेगळे पोते उघडले. बाभळीचा कोळसा, कोरडा ठणठणीत, सुपारीएवढे तुकडे केलेले. तिने घरी बसून फोडले होते. कधी, ते मला माहीत नाही.

खाली जाळ केला, कडूबाने पिंपाला जोडलेला हवेचा पंखा हाताने गरगर फिरवला. पंधरा मिनिटांत नळीच्या तोंडाशी निळी ज्योत, म्हणजे गॅस आला. मी ती पुस्तिकेत पाहिली होती, पण चित्र काळे-पांढरे आहे.

सोजराबाईचे तोंड कोळशाने माखले होते. ती हसली. चौदा वर्षांच्या संसारात मी तिला असे हसताना पाहिले नव्हते.

चढावर गॅसची ताकद कमी पडते. वजन कमी करणे शास्त्रीय होते. मी उतरलो आणि मागून चालत आलो. मुहूर्त साधला. अक्षता मला वेशीजवळ ऐकू आल्या, म्हणजे मंगलाष्टके. नवरदेवाला दोनदा धुतले होते म्हणे. क्लीन, पण ड्राय नव्हता.

११ मे, सोमवार.

संघाची सभा. रामरावांनी अहवाल वाचला: सर्व सभासदांच्या मोटारी गॅसवर चालत आहेत. जाहीर आभार इंद्रभानचे. ड्रायव्हरांना शिकवल्याबद्दल कडूबाचे. कोळसा कसा निवडावा यावर बायामाणसांतून माहिती घ्यावी, अशी सूचना आली आणि त्यासाठी सौ. सोजराबाईंना विनंती करायचे ठरले. नंतर ठराव: तयारी पूर्ण झाल्यामुळे सेक्रेटरीची जागा रद्द करण्यात येते. एकमताने. आज कोणीही झोपलेले नव्हते.

मी याला विजय समजतो. शिक्षकाची गरज संपणे हेच शिक्षणाचे यश. घरी येऊन सोजराबाईला तसे सांगितले. ती म्हणाली, "जेवून घ्या."

कडूबाशी बोलणे झाले. उद्यापासून मोटार नियमित सोडायची. तो स्टेअरिंगवर बसणार. पिंपही तोच पाहणार. माझ्या कामाबद्दल विचारले तर तो जरा घुटमळला. म्हणाला, "मालक, पेटवताना पंखा फिरवाले एक मानूस लागते. पन हात थांबू द्याचा नाही."

मी होकार दिला. पदाला मुख्य वायुप्रवर्तक असे नाव सुचवले. तो म्हणाला, "सकाळी साडेपाचले या. मंग नाव ठेवू."

१२ मे.

गेलो. फिरवला. हात खांद्यापासून उचलत नाही. आज एवढेच.